हलत्या चित्रांची वही

गणिताचा तास चालला असतां एखाद्याच्या वहीच्या कोपऱ्यांत एक घोडा उमटतो. पुढच्या पानावर त्याच घोड्याचा पाय किंचित् उचललेला असतो. त्यापुढच्या पानावर आणखी थोडा. मग अंगठ्याखालून पानें भरभर सोडलीं कीं घोडा धांवूं लागतो. इतक्यांत गुरुजींची दृष्टि तिकडे वळते आणि घोड्याची व त्याच्या धन्याची धांव एकदमच संपते! घरींही वडील माणसें ह्याला कागदाची नासाडी म्हणतात. अभ्यासाच्या वेळीं खेळ नको, हें खरेंच; परंतु ह्या खेळांत काय दडलें आहे तें पाहिल्यावांचून त्यास नांवें ठेवणें योग्य नव्हे.

इंग्रजींत ह्या वहीला फ्लिप बुक म्हणतात. १८३२ च्या सुमारास बेल्जममधील जोसेफ प्लॅटो ह्या शास्त्रज्ञानें फिरत्या चकतीवर चित्रें काढून तीं आरशांत हलतांना दाखविलीं. पण तेथें आरसा हवा, आणि चकतीचा फेरा पुरा होतांच तीच हालचाल पुन्हा सुरू. पुढें १८६८ सालीं बर्मिंगहॅमच्या जॉन बार्न्स लिनेट ह्या मुद्रकानें वहीच्या ह्या युक्तीचें पेटंट घेतलें व तिला 'कायनेओग्राफ' असें नांव दिलें. वहीला आरसा नको, यंत्र नको. आरंभ आणि शेवट असलेली इवलीशी गोष्ट तींत सांगतां येते. शिवाय वेग आपल्या अंगठ्याच्या स्वाधीन. वाटल्यास घोडा धांवेल, वाटल्यास मागें मागें चालेल. हेंच तिचें खरें आकर्षण.

चित्रें तर स्थिर. मग गति येते कोठून? पुष्कळ दिवस असें शिकविलें जाई कीं, एका चित्राचा ठसा डोळ्यांत क्षणभर रेंगाळतो व तेवढ्यांत दुसरें चित्र येतें. हें उत्तर अपुरें आहे. नुसते ठसेच रेंगाळते, तर चित्रें एकमेकांवर पडून गिचमीड झाली असती. १९१२ सालीं माक्स वेर्टहायमर ह्या मानसशास्त्रज्ञानें प्रयोगांनीं दाखविलें कीं, जवळजवळच्या दोन स्थिर खुणा योग्य वेगानें एकीमागून एक दिसल्या, तर एकच खूण सरकल्याचा भास होतो. म्हणजे दोन चित्रांमधील उणीव आपलें मनच भरून काढतें.

त्याच १९१२ सालीं महाराष्ट्रांतील एका गृहस्थानें अशा हलत्या चित्रांसाठीं आपला संसार पणाला लावला होता. त्र्यंबकेश्वर येथें १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे ते गृहस्थ. १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत प्रभु येशूच्या चरित्रावरील मूकपट पाहत असतां, आपल्या राम-कृष्णांच्या कथाही अशाच पडद्यावर कां दिसूं नयेत, हा विचार त्यांच्या मनांत आला. विम्याच्या तारणावर पैसा उभा करून ते विलायतेस गेले, ती कला शिकले व कॅमेरा घेऊन परतले. पण चित्रपट काढावयास भांडवल कोण देणार? शब्दांवर कोणी विश्वास ठेवीना.

तेव्हां फाळक्यांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिन्याहून अधिक काळ थांबून थांबून एकेक चित्र घेतलें. तीं चित्रें सलग दाखवितांच, दाण्यांतून कोंब, कोंबांतून वेल, असा सारा जीवनक्रम पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें उलगडला. 'अंकुराची वाढ' हें त्या लघुपटाचें नांव. तो पाहून कांहीं जण कर्ज द्यावयास पुढें आले. पत्नी सरस्वतीबाईंनीं आपले दागिने दिले. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. पुढें १९१५ सालीं फाळक्यांनीं आगकाड्या तसूतसूनें सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली. वाटाण्याचा वेल काय आणि आगकाडी काय, तत्त्व वहीच्या घोड्याचेंच : प्रत्येक चित्र आधल्याहून थोडेंच निराळें.

अमेरिकेंतील चित्रकार विन्सर मॅके ह्यांची हकीकत पालकांनीं अवश्य ध्यानीं घ्यावी. त्यांचा मुलगा रॉबर्ट अशा वह्या घरीं आणी. वडिलांनीं त्या फेकल्या नाहींत. स्वतः चाळून पाहिल्या. त्यांवरूनच आपल्याला कल्पना सुचली, असें मॅके सांगत. १९११ सालीं त्यांनीं सुमारें ४,००० चित्रें हातानें काढून आपला पहिला चित्रपट तयार केला.

आतां प्रयोग. आपल्या रोहिणखेडकडे कपाशी घरोघरच्या परिचयाची. भिजविलेल्या सरकीचे चार दाणे कुंडींत पेरा. रोज ठराविक वेळीं, ठराविक जागीं बसून, दिसेल तेवढेंच काढा. पाठकोऱ्या कागदाचे सारख्या मापाचे तुकडे त्यासाठीं पुरेत. पहिलें चित्र तळच्या पानावर काढा. वरच्या पानांतून खालची रेघ अंधुक दिसेल, तिच्या आधारानें पुढचें चित्र जुळवा. दहा दिवसांचीं दहा चित्रें झालीं कीं त्यांमधील नऊ फटींत प्रत्येकीं तीन चित्रें भरा. ३७ पानें होतील. ती चवड एका कडेला घट्ट शिवून खालून वर चाळा. मातींतून वांकडी मान काढणारा अंकुर सरळ होऊन दोन पानें पसरील. मूकपटांत सेकंदास सुमारें १६ चित्रें सरकत. त्या हिशेबानें तुमचें दहा दिवसांचें काम दोन-अडीच सेकंदांत संपेल!

एवढ्याचसाठीं एवढा खटाटोप? होय. ज्या दिवशीं अंकुर दिसणार नाहीं, त्या दिवशीं नुसत्या मातीचें चित्र काढावें लागेल. तें एक पान गाळलें, तर चाळतांना कोंब उगवत नाहीं, एकाएकीं उडी मारतो. आणि पाहणाऱ्याला ती फसवणूक तत्काळ कळते. फाळक्यांच्या कुंडींतही पहिले दिवस मातीचेच होते.

म्हणून पालकहो, मुलाच्या वहींत असा घोडा आढळला, तर त्याला पाठकोरे कागद द्या, वेळ नेमून द्या, आणि त्याच्या शेजारीं बसून ती वही एकदां स्वतःच्या अंगठ्यानें चाळून पाहा.