दोन 'ओ'चं लूज

धावडा, ता. भोकरदन, जि. जालना

चि. छोटीस,


तुझ्या आईनं तुझ्या वहीच्या पानांचे फोटो पाठवले. सोबत तक्रार, की पोरगी कानात बोळे घालून दिवसभर इंग्रजी गाणी ऐकते आणि त्याला अभ्यास म्हणते; दादा, तू मास्तर होतास, तूच समजाव तिला. मी आधी तिलाच समजावलं. म्हटलं, आपल्या मायला सही येत नव्हती, पण जात्यावर बसली की ओवीमागून ओवी निघायची. भजनी मंडळातल्या किती जणांनी हरिपाठाचं पुस्तक उघडलं असेल? सगळ्यांना तोंडपाठ. तू आणि मी पाढे चालीवरच शिकलो. चालीवर पाठ करणं हे काही पोरीनं नव्यानं काढलेलं खूळ नाही. तेव्हा गाणी खुशाल ऐक. तेवढी परवानगी काढून दिली आहे.

आता तुझ्याकडे वळतो.

डाव्या पानावर तू गाण्यांची नावं लिहिली आहेस. त्यात एमिनेमचं 'लूज युअरसेल्फ' आहे, एकाच 'ओ'चं, अगदी बरोबर. (2002 सालच्या सिनेमातलं हे गाणं, रॅपला ऑस्कर मिळाला तो पहिल्यांदा याच गाण्यामुळे. त्या गड्याच्या बाकीच्या गाण्यांतल्या शिव्यांचे अर्थ मात्र वहीत उतरवू नकोस, वही आई बघते.) आणि समोरच्याच पानावर, निबंधात, तू लिहिलंस की मला ही संधी गमवायची नाही. तिथे 'लूज'ला दोन 'ओ' दिलेस. म्हणजे गाण्याचं नाव पाठ झालं, शब्द अजून परकाच राहिला. मला या पत्रात बोलायचं आहे ते एवढ्यावरच. गाणं शब्द कानात नेऊन ठेवतं, त्याची पुढची सोय आपल्याला करावी लागते.

हा 'लूज' जरा जवळून बघ. इंग्रजीत हे दोन शब्द आहेत. एक 'ओ'चा म्हणजे गमावणं, हरवणं. त्याच्या शेवटी 'झ', लूझ. दोन 'ओ'चा म्हणजे ढिला, सैल. त्याच्या शेवटी स्वच्छ 'स', लूस. आणि आपण घरात काय बोलतो? नट लूज झाला, वायर लूज आहे, पोट बिघडलं की लूज मोशन. अर्थ ढिल्याचा आणि उच्चार गमावण्याचा! आपल्याकडचं लेकरू हा घोळ शाळेत यायच्या आधीच घरून घेऊन येतं. मग इंग्रजीच्या तासाला कितीही वेळा स्पेलिंग लिहून घ्या, कान जुनंच सांगतो. यावर माझा एकच उपाय, दोन्ही शब्द एका वाक्यात कोंडायचे आणि वाक्य आपल्या वावरातलं घ्यायचं. 'द बोल्ट इज लूस, वी मे लूझ द पंप.' बोल्ट ढिला आहे, पंप विहिरीत जाईल. हे वाक्य मोठ्यानं म्हण, 'स' आणि 'झ' वेगळे काढून. आणि पंपच म्हण. आपली विहिरीवरची मोटार परक्या माणसाला चारचाकी वाटेल.

बाजारात शब्दांच्या जोड्यांची पुस्तकं मिळतात आणि त्यांत पहिल्या पानावर 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' असतंच. असू दे, तेही शिक. पण त्या याद्या बहुतेक इंग्रजी मायबोली असलेल्यांच्या चुकांवरून बनलेल्या. आपले घोळ निराळे आहेत, कारण इंग्रजीचे सगळे स्वर आपल्या लिपीत मावत नाहीत आणि 'व्ही' अन् 'डब्ल्यू' या दोघांना आपल्याकडे एकच 'व'. मराठीत 'वेस्ट' असं लिहून बघ. ती पश्चिम दिशा झाली, वाया जाणं झालं, कंबर झाली आणि बनियनही झाली. चार वेगळ्या स्पेलिंगांचे चार शब्द मराठी पाटीवर एकसारखे दिसतात. 'पेन' लिहिलं तर लेखणी की दुखणं? 'सेल' म्हणजे विकणं, विक्री, बॅटरीतला सेल की होडीचं शीड? रस्त्याकडेच्या हॉटेलांच्या इंग्रजी पाट्या वाचत जा, कित्येक ठिकाणी खाण्याच्या पदार्थांऐवजी साप मिळतील असं लिहिलेलं सापडेल. चालणं आणि काम करणं, 'वॉक' आणि 'वर्क', यांची गफलत तर मी आयुष्यभर तपासली. आपल्या भागाला शोभेल अशी एक जोडी देतो. मिरची आणि थंडी. दोन्ही 'चिली', पण मिरचीच्या शेवटी 'आय' आणि थंडीच्या शेवटी 'वाय'. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीला मिळतो तो भाव 'प्राइस', शेवटी 'स'. स्पर्धेत मिळतं ते 'प्राइझ'. आपण दोन्हीला 'प्राईज' म्हणून मोकळे होतो.

म्हणून म्हणतो, छापील यादी बाजूला ठेव आणि स्वतःच्या कानाची यादी कर. ती करायला गाणं फार कामाचं आहे.

गाणं पहिल्यांदा ऐकताना बोल समोर ठेवू नकोस. जे ऐकू येईल ते लिही, इंग्रजी अक्षरांत, अर्थ लागो न लागो. मग छापील बोलांशी ताडून बघ. जिथे जिथे फरक निघेल तेवढी तुझी यादी. गणपतीच्या मांडवात आरती सुरू झाली की 'संकटी'चं 'संकष्टी' आणि 'फणिवर'चं 'फळीवर' होतं की नाही? म्हणणाऱ्याला कळत नाही की आपण काही निराळं म्हणतोय, कारण चाल बरोबर असते. साहेबाच्या भाषेतही हेच. सिल्व्हिया राइट नावाच्या अमेरिकन लेखिकेनं लहानपणी एका स्कॉटिश गाथागीतात ऐकलं, की सरदाराबरोबर कोणी लेडी मॉन्डेग्रीन नावाची बाईही मारली गेली. प्रत्यक्षात सरदाराला मारून हिरवळीवर टाकलं होतं, बाई नव्हतीच. 1954 साली तिनं त्यावर लेख लिहिला आणि अशा चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत त्या न जन्मलेल्या बाईचंच नाव पडलं. एक सावधगिरी मात्र बाळग. मोबाइलवर दिसणारे बोल पुष्कळदा कोणीतरी ऐकूनच टाइप केलेले असतात, त्याचंही 'फळीवर' झालेलं असू शकतं. खटकलं की डिक्शनरी उघड. वीरकरांची जुनी घरात आहे ती अर्थापुरती ठीक. पण शब्द वाक्यात कसा बसतो ते बघायला ऑक्सफर्डची शिकणाऱ्यांसाठीची घे, हॉर्न्बी यांची. हॉर्न्बी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणींतूनच तो कोश उभा राहिला, म्हणून तो परक्याच्या अडचणी ओळखतो.

गाणं आणखी एक गोष्ट फुकट देतं, ती यमक. इंग्रजी स्पेलिंगवर विश्वास ठेवू नये, यमकावर ठेवावा. 1975 च्या 'ज्युली' सिनेमात 'माय हार्ट इज बीटिंग' हे सबंध इंग्रजी गाणं होतं. लिहिलं सरोजिनी नायडूंचे भाऊ हरीन्द्रनाथ चट्टोपाध्याय यांनी, चाल राजेश रोशन यांची, गायल्या प्रीती सागर. इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसांनीही ते गुणगुणलं. त्या 'हार्ट'चं स्पेलिंग बघ, आत 'हिअर' म्हणजे ऐकणं लपलेलं दिसतं आणि उच्चार भलताच. यमक जुळतं ते 'स्टार्ट', 'पार्ट' यांच्याशी. दुखावणं म्हणजे 'हर्ट', ते 'शर्ट', 'डर्ट' यांच्या घरातलं. कुठला शब्द कोणाशी जुळतो एवढं बघितलंस तरी हृदय आणि दुखणं एकमेकांत मिसळणार नाही. 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांची शेपटं कागदावर सारखी, पण 'लव्ह' जुळतं 'अबव्ह'शी. गीतकार कधीमधी कागदावरचं यमकही चालवून घेतात, तेव्हा एका गाण्यावर निकाल देऊ नकोस.

पण ऱ्हस्व-दीर्घ गाण्यावरून शिकू नको, हे निक्षून सांगतो. गायक चालीसाठी स्वर ताणतो. 'बिट'मधला 'इ' चार मात्रा ओढला की तो 'बीट'सारखा ऐकू येतो. राहणं आणि निघून जाणं, 'लिव्ह' आणि 'लीव्ह', यांत आपली पोरं आधीच अडखळतात, त्यात गाण्याची भर नको. हे बोलण्यातूनच उचलावं लागतं. बातम्या ऐक, क्रिकेटची कॉमेंट्री ऐक.

व्याकरणाचंही तेच. 'हम होंगे कामयाब' तू शाळेत रोज म्हटलंस. गिरिजाकुमार माथुरांनी ते ज्या इंग्रजी गाण्यावरून केलं, त्या 'वी शॅल ओव्हरकम'मध्ये आधी 'विल' होतं. 1948 साली ते छापलं गेलं तेही 'विल' घेऊनच. पुढे 'शॅल' झालं. बदल कोणी केला ते हे गाणं गाणाऱ्या पीट सीगर यांनाही नक्की सांगता येत नव्हतं. कदाचित मी, कदाचित सेप्टिमा क्लार्क नावाच्या शिक्षिकेनं, असं ते म्हणत. कारण एवढंच, की 'शॅल' गायला बरं. म्हणजे बघ, व्याकरणात 'शॅल' कुठे आणि 'विल' कुठे यावर आम्ही वर्गात तास घालवले आणि गाणाऱ्यांनी तोंडाला सोपं पडतं ते उचललं. त्यांचं काही चुकलं नाही. पण परीक्षेत 'गायला बरं वाटलं' हे कारण चालत नाही.

बॉब डिलनना 2016 साली साहित्याचं नोबेल मिळालं. त्यांच्या 1969 च्या 'ले लेडी ले' या गाण्याच्या नावातच व्याकरणवाल्यांना चूक दिसते. तिथे 'लाय' हवं. या 'लाय' आणि 'ले'ला शिकलेले इंग्रजही घाबरतात, कारण 'लाय'चा भूतकाळ पुन्हा 'ले'च होतो. तू मात्र घाबरू नकोस, तुझ्याकडे मराठी आहे. निजणं आणि निजवणं यांत तू कधी चुकलीस का? 'लाय' म्हणजे स्वतः निजणं, आडवं होणं. 'ले' म्हणजे दुसऱ्या कशाला तरी निजवणं, ठेवणं. त्याला कर्म लागतं. उठणं-उठवणं म्हणजे 'राइझ' आणि 'रेझ', बसणं-बसवणं म्हणजे 'सिट' आणि 'सेट'. इंग्रजी पोरांना ज्यासाठी नियम घोकावा लागतो ते तुझ्या जिभेवर आधीच आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 सालापासून ते पहिलीपासून आलं, म्हणून तुला सराव आमच्यापेक्षा जास्त. पण मराठीचा हा उपयोग करायला तुम्हाला कोणी शिकवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

'गॉना', 'वॉना', 'एन्ट' यांचे अर्थ तू बरोबर लिहिलेस. त्यांच्यापुढे लाल शाईनं 'फक्त तोंडी' असं लिही. रोलिंग स्टोन्सच्या 1965 च्या 'सॅटिस्फॅक्शन' म्हणजे समाधानाच्या गाण्यात दोन नकार एकत्र आले आहेत, तेही तोंडीच. 'कोलावेरी डी'मधल्या इंग्रजी शब्दांना तर तमिळ शेपट्या आहेत. 2011 साली ते देशभर वाजलं, मजेचं गाणं आहे, त्यातून इंग्रजी शिकायच्या फंदात पडू नकोस.

शेवटचं एक गाणं. तुझ्या यादीत 'एव्हरी ब्रेथ यू टेक' आहे आणि पुढे बदाम काढला आहेस. 1983 चं हे गाणं लोक लग्नातसुद्धा वाजवतात. शब्द सुटे सुटे समजून घेतलेस, पण सगळे मिळून काय म्हणतात ते पुन्हा वाच. तो माणूस तिच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवतोय. लिहिणाऱ्या स्टिंगनंच सांगितलं आहे की ते गोड गाणं नाही. बदाम खोड, किंवा राहू दे, तुझी वही आहे. पण त्यातला 'ब्रेथ' नीट धर. श्वास म्हणजे 'ब्रेथ', शेवटी 'थ'. श्वास घेणं म्हणजे 'ब्रीद', शेवटी 'ई' वाढतो आणि आवाज 'द'कडे झुकतो. अंघोळ 'बाथ', अंघोळ करणं 'बेद'. सल्ला 'अ‍ॅडव्हाइस', सल्ला देणं 'अ‍ॅडव्हाइझ'. नाम असलं की शेवट मऊ फुंकरीचा, क्रियापद झालं की तो घोगरा होतो. गळ्यावर बोट ठेवून म्हण, फरक बोटाला कळेल.

आठवड्याला एकच गाणं घे. त्यातून निघालेल्या जोड्यांची वाक्यं कर, आणि त्या वाक्यांत वसतिगृह, मेस, एस.टी., आपलं घर, आपलं वावर येऊ दे. लंडनचा पाऊस नको. पहिल्या खेपेला 'वेस्ट'ची चारही वाक्यं मला पाठव, जमलं तर चारही शब्द एकाच वाक्यात बसवून दाखव. मला अजून ते साधलेलं नाही, तुला साधलं तर दिवाळीला तू मागशील तो हेडफोन माझ्याकडून. तुझ्या आईला त्यातलं काही बोलू नकोस.

तुझा,
मामा