बँजो घेऊन बैठकीत बसताना



'बँजो' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो वरातीतला, टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजवायचा बँजो. त्याचे दुसरे नाव बुलबुल तरंग. जपानमध्ये 1912 साली तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यावरून तो आपल्याकडे आला. आजच्या पाठातला बँजो वेगळा आहे. तो अमेरिकेतला, पाच तारांचा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी भोपळ्यावर कातडे ताणून जी तंतुवाद्ये बनवली, त्यांतून तो घडला. या बँजोच्या नवशिक्यांसाठी तिकडे सहवादनाच्या बैठका होतात, त्यांना 'जॅम' म्हणतात. आपल्यापैकी अनेक घरांतली मुले शिक्षणासाठी अमेरिकेत जातात. त्यांतल्या कोणाला अशा बैठकीत बसावेसे वाटले, तर तयारी काय करावी ते आपण पाहू.

दोन परंपरा

बैठक कोणत्या परंपरेची आहे हे आधी विचारून घ्यावे. 'ओल्ड-टाइम' हे अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातले जुने नाचाचे संगीत. त्यात फिडल, म्हणजे व्हायोलिन, पुढे असते आणि सगळे मिळून एकच धून पुन्हा पुन्हा वाजवतात. बँजोवर तार नखाने वरून खाली छेडतात आणि अंगठा पाचव्या तारेवर पडतो. या पद्धतीला 'क्लॉहॅमर' म्हणतात.

'ब्लूग्रास' त्या मानाने नवीन. केंटकीच्या बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वाद्यवृंदावरून हे नाव पडले. 1945 च्या डिसेंबरमध्ये अर्ल स्क्रग्ज त्यात दाखल झाले आणि तीन बोटांत नख्या घालून वाजवण्याची त्यांची वेगवान पद्धत सर्वत्र पसरली. ब्लूग्रासमध्ये प्रत्येकाला आळीपाळीने एकट्याने वाजवायची संधी मिळते. बाकीचे त्या वेळी हलकी साथ करतात.

तारा आणि पट्टी

बँजोची पाचवी तार इतरांपेक्षा आखूड असते. तिची खुंटी दांडीच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी असते. सतारीच्या चिकारीसारखी ती मधूनमधून एकच सूर देत राहते. नेहमीच्या जुळणीत पांढरी पाच हा षड्ज धरला, तर चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत मंद्र प, सा, ग, प असे सूर येतात आणि पाचवी तार तार सा देते. म्हणजे डावा हात न लावता सगळ्या तारा छेडल्या, तरी एक पूर्ण कॉर्ड वाजते. तिचे नाव जी.

बैठकीत पांढरी सहा ही पट्टीही पुष्कळदा लागते. तेव्हा दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे चिमटा, लावतात. पाचवी तार मात्र त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून सातव्या पडद्यापाशी दांडीत एक बारीक खिळा ठोकलेला असतो आणि त्याखाली ती तार अडकवतात. खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे छोटे खिळे यासाठी वापरतात!

काय येत असावे?

पुष्कळजण घरी पुस्तकातल्या खुणा पाहून वर्षभर दहा-बारा धुना पाठ करतात. एकटे असताना त्या छान वाजतात. बैठकीत मात्र पहिल्याच चुकीला हात थांबतो, आणि 'पुन्हा पहिल्यापासून' म्हणायची सोय तिथे नसते. चार जण पुढे गेलेले असतात. असा विद्यार्थी खट्टू होऊन घरी जातो आणि कित्येकदा परत येतच नाही. त्याला धुना येतात, पण सोबत चालण्याचा सराव त्याने केलेला नसतो.

म्हणून तयारीचा क्रम उलटा हवा. आधी लय, मग कॉर्ड, शेवटी धून. जी, सी आणि डी या तीन कॉर्ड ठेका न मोडता बदलता आल्या, की असंख्य गाण्यांना साथ करता येते. त्यांना तिथे 1, 4 आणि 5 असे आकडे आहेत. आपल्या भाषेत सा, म आणि प. पट्टी बदलली तरी आकडे तेच राहतात. 'हॉट राइझ' या बँडचे बँजोवादक पीट वेर्निक यांनी जॅम शिकवण्याची एक पद्धत रूढ केली आहे. तिच्या प्राथमिक वर्गातही वाद्य जुळवणे आणि न थांबता कॉर्ड बदलणे एवढीच मुख्य अपेक्षा असते.

जुन्या धुनांचे बहुधा दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदा वाजतो आणि एकूण 32 मात्रागट होतात. कोणता भाग चालू आहे एवढे ध्यानात राहिले, तरी हरवलेला माणूस पुन्हा वाट पकडू शकतो.

बैठकीच्या रीती

- तारा आधीच जुळवून बसावे. दोन गाण्यांच्या मधे उगाच छेडत राहू नये; इतरांना पट्टी ऐकू येत नाही.
- गिटारवाला दिसेल अशी जागा धरावी. त्याच्या डाव्या हाताकडे पाहून पुढची कॉर्ड कळते.
- बँजोचा आवाज मोठा असतो. कोणी गात असेल तर हात हलका करावा. गायकाचे शब्द ऐकू येईनात, तर आपण जास्त जोरात वाजवतो आहोत असे समजावे.
- आपली पाळी नको असेल, तर मान हलवून ती पुढच्याला द्यावी. त्यात कमीपणा नाही.
- ज्याने गाणे सुरू केले तोच ते संपवतो. त्याने पाय उचलला की ही शेवटची फेरी.

आपल्या भजनात नवखा मुलगा आधी मागे बसून टाळ धरतो. त्याला चाल येत नसली तरी ठेका कळतो, आणि काही महिन्यांत चालही तोंडात बसते. ही अमेरिकन धुनांची विद्याही अशीच, एकमेकांशेजारी बसून, कानाने ऐकत पिढ्यान्‌पिढ्या पुढे आली आहे. सूर चुकला तर तो लगेच विरून जातो. ठेका सोडला तर मात्र शेजाऱ्याचा हातही अडखळतो.

स्वाध्याय

1. एखादे ओळखीचे गाणे लावा आणि शेवटपर्यंत टाळी द्या. मधे चुकलात तर न थांबता पुढच्या समेवर या.
2. हार्मोनियमवर पांढरी पाच हा षड्ज धरून सा, म आणि प कोणत्या पट्ट्यांवर येतात ते शोधा. मग पांढरी सहा धरून तेच करा.
3. दोन मित्रांनी मिळून एक गाणे म्हणा. एकाने गावे, दुसऱ्याने साथ करावी. गाणाऱ्याचा प्रत्येक शब्द ऐकू आला का, हे तिसऱ्याला विचारा.