बालकांचे विषाणुजन्य विकार : वय, वस्ती आणि व्याधिक्षमत्व

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेशाने एक मूलगामी शंका उपस्थित केली आहे. प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय ही सर्व भिन्न असताना एकाच वेळी एकाच व्याधीने संपूर्ण जनपद कसा ग्रस्त होतो, अशी ती शंका होय. वायू, उदक, देश आणि काल हे भाव सर्वांना समान असल्याने त्यांच्या दुष्टीमुळे असे घडते, हे आत्रेयांचे उत्तर वैद्यवर्गास परिचित आहेच. प्रस्तुत लेखात आम्ही या शंकेची दुसरी बाजू विचारात घेणार आहोत. विषाणू तोच असताना एका वस्तीतील बालक आठवड्यात खेळू लागते आणि दुसऱ्या वस्तीतील बालक दगावते, असे का व्हावे?

विषाणू कोणाची मिळकत वा जात पाहत नाही. मात्र बालकाला तो कोणत्या वयात गाठतो, किती प्रमाणात गाठतो, गाठतो तेव्हा बालकाचे बल कसे असते आणि त्यानंतर उपचार किती लवकर मिळतो, या चार गोष्टी वस्तीनुसार बदलतात. तीन परिचित व्याधींच्या आधारे हे स्पष्ट करता येईल.

१. गोवर : गर्दी आणि बल

माधवनिदानात मसूरिकेच्या प्रकरणात रोमान्तिकेचे वर्णन आले असून ते गोवराशी जुळते. गोवर अत्यंत संक्रामक आहे. घरात एकास गोवर झाल्यास प्रतिकारशक्ती नसलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना तो होतो. पुरळ उठण्यापूर्वी चार दिवस व नंतर चार दिवस रुग्ण इतरांस बाधा देऊ शकतो. म्हणजेच निदान होण्यापूर्वीच प्रसार झालेला असतो.

सन २०२२ च्या उत्तरार्धात मुंबईत गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा त्याचा मोठा भार गोवंडी परिसरातील एम-पूर्व विभागावर पडला. पुढे भिवंडी व मालेगाव येथेही रुग्ण आढळले. दाटीची घरे, कामानिमित्त सतत स्थलांतर करणारी कुटुंबे, कोविडच्या काळात चुकलेले लसीकरण आणि कुपोषण ही कारणे तेथे एकत्र आली होती. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र शासनाने अशा वस्त्यांतील नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना लसीची अतिरिक्त मात्रा देण्याची सूचना केली. जेथे नऊ महिन्यांखालील रुग्ण दहा टक्क्यांहून अधिक होते, तेथे सहा महिन्यांपासून मात्रा देण्यास सांगितले.

येथे सरासरी आकड्यांनी फसू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पूर्ण लसीकरणाचे प्रमाण शहरी भागात ७५.५ टक्के, तर ग्रामीण भागात ७६.८ टक्के आढळले. रुग्णालये हाकेच्या अंतरावर असूनही शहर मागे आहे. शिवाय शहराच्या सरासरीत झोपडपट्टी झाकली जाते. गोवर रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळणे आवश्यक असते.

केवळ कृशता हेच मृत्यूचे कारण असते असेही नाही. १९७९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ देशात झालेल्या उद्रेकाचा अभ्यास डॅनिश संशोधक पीटर आबी यांनी केला. बाहेरून गोवर घेऊन आलेल्या पहिल्या मुलापेक्षा त्याच्याकडून घरातच बाधित झालेली भावंडे अधिक दगावतात, असे त्यांना आढळले. एकाच खोलीत रात्रंदिवस राहिल्याने विषाणूची मात्रा अधिक मिळते, असा त्याचा अर्थ लावला गेला. खोलीत किती जण झोपतात हा प्रश्न म्हणूनच निदानाचा भाग ठरतो.

बलाचे महत्त्व अर्थातच कमी होत नाही. चरकाने सूत्रस्थानात अतिकृश, दुर्बल, अल्पाहारी अशी शरीरे व्याधी सहन करण्यास असमर्थ सांगितली आहेत. ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या बालकात गोवराने अंधत्व व मृत्यूचा धोका वाढतो. गोवर बरा झाल्यावरही कित्येक महिने प्रतिकारशक्ती खालावलेली राहते. त्या काळात न्यूमोनिया व अतिसार गाठतात. गोवर-कांजिण्या म्हणजे देवीचा कोप, अशा समजुतीने काही घरांत औषध व पुरेसा आहार रोखला जातो. अशा घरात रागावून नव्हे, तर वडीलधाऱ्यांना विश्वासात घेऊन बोलावे लागते.

२. कामला : प्रथम संसर्गाचे वय

‘अ’ प्रकारच्या काविळीचे चित्र नेमके उलट आहे. दूषित पाण्याच्या वस्तीत बहुतेक बालकांना हा संसर्ग पाच-सहा वर्षांच्या आतच होतो. या वयात दहांपैकी एखाद्यालाच कावीळ दिसते. इतरांना किरकोळ ज्वर येतो किंवा काहीच होत नाही, आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते. मोठ्या मुलांत व प्रौढांत मात्र बहुसंख्यांना कावीळ होते आणि यकृत निकामी होण्याचा धोकाही वाढतो.

परिणामी स्वच्छ पाणी पिऊन वाढलेला सुखवस्तू घरातील मुलगा महाविद्यालयाच्या वसतिगृहात गेल्यावर प्रथमच या विषाणूस सामोरा जातो आणि तीव्र आजारी पडतो. २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात या काविळीचा मोठा उद्रेक झाला. साक्षरता व आरोग्यसेवेत अग्रेसर अशा राज्यात असे घडले, यातील कार्यकारणभाव वरील विवेचनावरून लक्षात येईल. यावरून अस्वच्छता हितकर असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच पाण्यातून विषमज्वर आणि अतिसारही येतात. स्वच्छ पाणी आणि लस हाच त्यावरील मार्ग होय.

३. अतिसार : उपचारापर्यंतचे अंतर

रोटाविषाणूच्या बाबतीत संसर्गात फारसा भेदच नाही. लस न घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक बालकास, मग ते बंगल्यातील असो वा पाड्यावरील, पाच वर्षांच्या आत तो एकदा तरी होतो. मृत्यू मात्र प्रामुख्याने गरीब घरांत होतात. उलटी-जुलाब सुरू झाल्यापासून शरीरात पाणी व क्षार परत जाईपर्यंत जो वेळ जातो, तोच निर्णायक ठरतो. २०१६ पासून रोटा लसीचा समावेश राष्ट्रीय कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने झाला असून ती सहा, दहा व चौदा आठवड्यांस देतात. मुलगी आजारी पडल्यास तिला उशिरा आणले जाते का, हेही आपण आपल्या नोंदवहीत तपासून पाहावे.

४. चिकित्सकांसाठी पाच प्रश्न

दशविध परीक्षेत आपण बल, सात्म्य व वय पाहतोच. ज्वरयुक्त बालकाबाबत त्यास पुढील प्रश्नांची जोड द्यावी, असे आम्ही सुचवितो.

(अ) बालकाचे नेमके वय किती महिने? लसीकरण कार्ड प्रत्यक्ष पाहावे; तोंडी उत्तरावर विसंबू नये. गोवर-रुबेलाच्या मात्रा ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांत देतात.
(आ) एका खोलीत किती जण झोपतात? घरात क्षीरप बालक वा गर्भिणी आहे काय?
(इ) कुटुंब या ठिकाणी केव्हा आले?
(ई) पिण्याचे पाणी कोठून येते व ते उकळले जाते काय?
(उ) गेल्या दोन आठवड्यांत शेजारी कोणास पुरळ, कावीळ वा जुलाब झाले काय?

ज्वर व पुरळ असलेल्या बालकास प्रतीक्षागृहात इतरांमध्ये बसवू नये. त्याची माहिती त्याच दिवशी आरोग्य अधिकाऱ्यास कळवावी. गोवराच्या रुग्णास ‘अ’ जीवनसत्त्वाच्या वयानुरूप मात्रा सलग दोन दिवस मिळतील हे पाहावे. श्वास धापेचा होणे, काहीही न पिणे, झटके, ग्लानी, तसेच काविळीत सतत उलट्या, असंबद्ध बोलणे वा रक्तस्राव ही लक्षणे दिसताच रुग्णालयात पाठविण्यास विलंब करू नये. ज्वर उतरल्यावर अग्नी पाहून मऊ भात, मुगाचे कढण, तूप असा आहार क्रमाने वाढवावा व काही आठवडे वजन पाहावे.

५. औषधालयांचे कर्तव्य

दाट वस्तीत आई बहुधा प्रथम औषधालयाच्या फळीशी येते. म्हणून जलसंजीवनीची पाकिटे व जस्ताच्या गोळ्या सदैव उपलब्ध असाव्यात. सहा महिन्यांवरील बालकास अतिसारात २० मिलिग्रॅम जस्त चौदा दिवस देतात, त्याखालील बालकास १० मिलिग्रॅम. पाकीट एक लिटर पाण्यात एकदम कालवायचे, हे प्रत्येक वेळी सांगावे. विषाणुजन्य विकारात प्रतिजैविके मागितली तरी चिठ्ठीविना देऊ नयेत. ज्वरात बालकास अ‍ॅस्पिरिन देऊ नये. काविळीच्या बालकास आसव-अरिष्टे व भस्मयुक्त कल्प वैद्याच्या सल्ल्याविना देणे टाळावे. मद्यांश व धातूंचा भार सुजलेल्या यकृतावर पडू नये.

सारांश, व्याधीचे नाव एकच असले तरी तिचे बळ घराघरांत वेगळे असते. नाडी व जिव्हा पाहणाऱ्या वैद्याने बालकाचे घरही समजून घेतले, तर अग्निवेशाच्या शंकेच्या या दुसऱ्या बाजूचे उत्तर त्यास आपल्या चिकित्सालयातच मिळेल आणि एखादे बालक वेळेत रुग्णालयात पोहोचेल.