वाचनाचे आकलन आणि आकृतिबंध

विद्यार्थ्याने उतारा न अडखळता वाचून दाखविला की त्यास पाठ आला, अशी समजूत अनेक वर्गांत रूढ असते. परंतु उच्चार आणि आकलन या भिन्न गोष्टी होत. ‘गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते’ हे वाक्य वाचून झाल्यावर ‘गोदावरी कोठे उगम पावते?’ असे विचारले, तर ‘उगम’ या शब्दाचा अर्थ ठाऊक नसलेला मुलगाही बिनचूक उत्तर देतो. प्रश्नातील शब्द हेरून तीच ओळ तो परत करतो. उत्तर बरोबर असल्याने त्याची उणीव शिक्षकाच्या दृष्टीस पडत नाही, आणि पुढे इतिहास-भूगोलाचे मोठे पाठ समोर आले म्हणजे तो मागे पडू लागतो. ही झाकलेली उणीव उघड करण्याचे व भरून काढण्याचे एक साधे साधन म्हणजे आकृतिबंध होय.

१. स्वरूप

उताऱ्यातील मुख्य गोष्टी व त्यांचे परस्परसंबंध वर्तुळे, चौकटी आणि बाण यांनी मांडणे म्हणजे आकृतिबंध. एकमेकांस छेदणाऱ्या वर्तुळांची रीत तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १८८० मध्ये मांडली. संकल्पनाचित्राची पद्धत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये विकसित केली.

२. आकृतीची निवड

आकृती उताऱ्याच्या घडणीवरून ठरवावी.

(अ) तुलना असल्यास छेदणारी दोन वर्तुळे.
(आ) क्रम असल्यास ओघतक्ता. उदाहरणार्थ, ज्वारीची पेरणी, खुरपणी, राखण, कापणी, मळणी.
(इ) कारण व परिणाम असल्यास बाणाने जोडलेल्या चौकटी. उदाहरणार्थ, सह्याद्री पावसाळी वारे अडवितो, म्हणून घाटमाथ्यावर विपुल पाऊस पडतो व पूर्वेकडील प्रदेशात तो कमी होतो.
(ई) गोष्ट असल्यास पात्रे, स्थळ, अडचण, प्रयत्न व शेवट अशा पाच चौकटी.

३. नमुना पाठ

इयत्ता चौथीच्या वर्गासाठी पुढील उतारा फळ्यावर लिहावा :

‘गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. ती पूर्वेकडे वाहत जाते. नाशिक, पैठण व नांदेड ही गावे तिच्या काठी आहेत. ती बंगालच्या उपसागरास मिळते. कृष्णा महाबळेश्वर येथे उगम पावते. वाई, कराड व सांगली ही तिच्या काठची गावे. तीही पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते.’

प्रथम मुलांनी उतारा मनात वाचावा. नंतर शिक्षकाने दोन वर्तुळे काढून ‘गोदावरी’ व ‘कृष्णा’ एवढीच नावे लिहावीत. उगमाची ठिकाणे व काठची गावे मुले सहज भरतात. खरी कसोटी मधल्या सामाईक जागेची आहे. तेथे काय लिहावे हे कोणत्याही एका वाक्यात आयते सांगितलेले नाही. दूरदूरची दोन वाक्ये एकत्र आणल्यावाचून ती जागा भरत नाही. एखादा मुलगा ‘पूर्वेकडे वाहते’ हे दोन्ही बाहेरच्या भागांत लिहितो. त्याने दोन्ही वाक्ये वाचली आहेत, पण ती ताडून पाहिलेली नाहीत, हे यावरून कळते. अशा वेळी उत्तर सांगू नये. त्या दोन वाक्यांवर बोट ठेवून त्यास ती पुन्हा वाचावयास लावावीत. प्रत्येक नोंदीसाठी ‘हे कोणत्या वाक्यावरून कळले?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा.

आकृती पूर्ण झाल्यावर उतारा झाकावा आणि आकृतीकडे पाहून मुलांकडून दोन्ही नद्यांची माहिती स्वतःच्या शब्दांत सांगवावी. हा भाग वगळल्यास आकृती भरणे हेच साध्य ठरते आणि आकलन बाजूस राहते.

४. दक्षता

शिक्षकाने भरलेली आकृती मुलांनी वहीत उतरवून घेणे, हा या पद्धतीतील सर्वांत मोठा धोका होय. त्यात केवळ नक्कल घडते. दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत ‘आकृती पूर्ण करा’ अशा कृती असतात. त्यांची उत्तरे पाठ करण्याची सवय खालच्या वर्गांतच लागू नये.

आरंभी अर्धी भरलेली आकृती द्यावी, पुढे रिकामी द्यावी, आणि अखेरीस कोणती आकृती योग्य, हे मुलांनाच ठरवू द्यावे. पहिली-दुसरीत शब्दांऐवजी चित्रे चालतील. छापील कागदाची आवश्यकता नाही; जमिनीवर खडूने काढलेली वर्तुळे व पाटी पुरेशी आहेत. एक शिक्षक अनेक इयत्ता सांभाळीत असेल तेथे एका गटाने आकृती भरावी व त्या अवधीत दुसऱ्या गटास शिकवावे. कवितेच्या आस्वादात मात्र आकृतीची घाई करू नये. प्रत्येक पाठास ही पद्धत लावण्याचेही कारण नाही. आठवड्यातून एक पाठ पुरे.

प्रत्येक शिक्षकाने येत्या महिन्यात एक उतारा निवडून वरीलप्रमाणे पाठ घ्यावा. मुलांनी चुकीच्या जागी केलेल्या नोंदी पुसून न टाकता टिपून ठेवाव्यात आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यांवर चर्चा करावी. मूल कोठे अडले, हे त्या नोंदींवरूनच नेमके समजते.