कुत्र्याचा भगंदर

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी नऊ वर्षांचा मुलगा हाताला रुमाल गुंडाळून दवाखान्यात आला. घरचाच अल्सेशियन चावला होता. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुतली आणि रेबीजची लस सुरू केली. (घरच्या कुत्र्याला लस टोचलेली असली, तरी एवढे करायचेच.)

पोराच्या अंथरुणाशी झोपणारा कुत्रा चावला कसा? वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, महिनाभर बिथरल्यासारखा करतोय. शेपटीला हात लावू देत नाही. खाली रक्त दिसलं, म्हणून मूळव्याधीचं मलम लावत होतो. पोरानं धरला होता. आता लांब नेऊन सोडतो झालं."

सोडायचे नाही, असे मी बजावले. चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली लागतो. शिवाय दुखणे कशाचे ते कळायला हवे. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी गुंगीचे इंजेक्शन देऊन शेपटी वर केली, तेव्हा मीही तिथे होतो. गुदद्वाराभोवती अक्षरशः चाळण झाली होती. पू, रक्त आणि घाण वास. अशा जागी मलम चोळले तर कोण चावणार नाही?

मी माणसांचा डॉक्टर. मला वाटले, हा आपला ओळखीचा भगंदर. पण पशुवैद्यांनी माझी समजूत दुरुस्त केली. माणसात बहुधा गुदद्वाराजवळची ग्रंथी पिकते, गळू फुटते आणि मागे नळी उरते. ती नुसत्या गोळ्यांनी बुजत नाही. शस्त्रक्रिया किंवा क्षारसूत्र लागते. कुत्र्यात मात्र शरीराची प्रतिकारशक्तीच तिथल्या कातडीवर उलटते. जंतू नंतर शिरतात. आमच्याकडच्या क्रोन्स नावाच्या आतड्याच्या विकाराशी याचे बरेच साम्य आहे.

हा रोग सर्वांत जास्त अल्सेशियनला, म्हणजे जर्मन शेफर्डला होतो. आयरिश सेटर, लॅब्रॅडॉर यांतही आढळतो. या जातीची शेपटी जाड आणि खाली पडलेली, त्यामुळे ओल साचते, असे पूर्वी मानत. म्हणून काही कुत्र्यांच्या शेपट्याही कापल्या गेल्या! कापाकापीत शौचावरचा ताबा जाण्याची भीती असे. 1990च्या दशकाच्या अखेरीपासून सायक्लोस्पोरिन वापरात आले. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात तेच हे औषध. आता आधी औषध, आणि उरलेच तर शस्त्रक्रिया.

कुत्रा शौचाला कुंथतो, ओरडतो, मागचा भाग सतत चाटतो, शेपटी दाबून धरतो, तर आठवडा घालवू नका. जमिनीवर बूड घासत असेल, तर बहुधा गुदग्रंथी तुंबलेल्या असतात. तो प्रकार निराळा, पण दाखवायला हवाच. आणि कळवळा येऊन आपल्या घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्याला देऊ नका. त्याने जनावर दगावू शकते.

औषध महाग, आणि तीन-चार महिने चालते. बंद केल्यावर रोग उलटण्याचा संभव असतो, हेही पशुवैद्यांनी आधीच सांगितले. वडिलांनी खर्चाचा आकडा ऐकून माझ्याकडे पाहिले. पोराने मात्र पट्टी बांधलेल्या हाताने साखळी घट्ट धरली होती.

दिवाळीनंतर कुत्रा पाहिला. एक भोक सोडून बाकी सारी बुजली होती. शेपटी हलवत होता, पण मला मागे फिरकू दिले नाही.