पाकिटावरचा चेहरा आणि पाकिटातले मीठ

किराणा दुकानातील झटपट नूडल्सचा कप्पा अलीकडे नीट पाहिला आहे का? पूर्वी तिथे एक-दोन प्रकारची पाकिटे असत. आता रांगच्या रांग लागलेली असते. एकाची जाहिरात चित्रपटातील नट करतो, दुसऱ्याची क्रिकेटपटू करतो, तर तिसरे एखाद्या नामवंताने स्वतःच बाजारात आणलेले असते. मूल हात लांबवून त्यातलेच एक उचलते आणि आई-वडील म्हणतात, ‘‘एवढा मोठा माणूस सांगतो, म्हणजे चांगलेच असणार.’’ हे वाक्य किती खरे आहे, ते आज आपण तपासून पाहू.

आपल्या शहरात हा प्रश्न केवळ लहान मुलांच्या हट्टाचा नाही. जालना, बीड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतून हजारो मुले-मुली शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला येतात आणि खोली घेऊन राहतात. महिनाअखेरीस खानावळीचे पैसे संपले किंवा रात्री अभ्यासाला उशीर झाला, की नूडल्स हेच त्यांचे जेवण होते. कधीतरी खाल्ले तर बिघडत नाही. पण आठवड्यातून चार-पाच रात्री हेच पोटात जात असेल, तर त्यात काय आहे हे कळायलाच हवे.

नूडल्स दोन मिनिटांत शिजतात कशा?

हा पदार्थ मूळचा जपानचा. ओसाका परिसरातील उद्योजक मोमोफुकू आंदो यांनी १९५८ साली झटपट नूडल्स प्रथम बाजारात आणल्या. युक्ती साधी होती. पिठाच्या शेवया आधी वाफवायच्या आणि मग तेलात तळायच्या. तळताना त्यांतील पाणी झपाट्याने निघून जाते आणि जागोजागी बारीक छिद्रे पडतात. आपण उकळते पाणी घातले, की ते या छिद्रांतून आत शिरते आणि वडी लगेच मऊ होते. म्हणजे आपण घरी करतो ते फक्त भिजवण्याचे काम. शिजवणे आणि तळणे कारखान्यातच झालेले असते.

अशा तळलेल्या वडीत साधारण १५ ते २० टक्के तेल असते आणि ते बहुधा पामतेल असते. पामतेलातील जवळजवळ निम्मी स्निग्धता संपृक्त प्रकारची, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवणारी असते. काही कंपन्या वडी तळण्याऐवजी गरम हवेवर वाळवतात. तिच्यात तेल फार थोडे असते, पण ती शिजायला थोडा जास्त वेळ लागतो. पाकीट घेताना हा फरक पाहण्यासारखा आहे आणि तो चेहऱ्यावरून कळत नाही.

नामवंत आणि नूडल्स

आपल्याकडे मॅगी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि घराघरांत रुळली. २०१५ साली तिच्यावर मोठे वादळ उठले. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे घेतलेल्या नमुन्यात शिशाचे प्रमाण १७.२ पीपीएम आढळल्याचा अहवाल आला, परवानगी २.५ पीपीएमपर्यंत होती. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. त्या वर्षी मे महिन्यात मॅगीच्या जाहिरातीवरून माधुरी दीक्षित यांना हरिद्वारच्या अन्न विभागाची नोटीस गेली. जूनमध्ये बिहारमधील मुझफ्फरपूरच्या न्यायालयाने अमिताभ बच्चन, माधुरी दीक्षित आणि प्रीती झिंटा यांच्यावर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. पाठोपाठ देशभर बंदी आली. पुढे १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली आणि मान्यताप्राप्त तीन प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला लावली. त्या तपासणीत शिसे मर्यादेच्या आत निघाले आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

त्याच नोव्हेंबर महिन्यात योगगुरू रामदेव यांच्या पतंजलीने आटा नूडल्स बाजारात आणल्या. मैदा नाही, पामतेलाऐवजी तांदळाच्या कोंड्याचे तेल, असा त्यांचा दावा होता. त्याआधी २०१४ साली रणवीर सिंग यांनी चिंग्जसाठी एखाद्या चित्रपटासारखी लांबलचक जाहिरात केली होती. परदेशातही हेच चालते. अमेरिकेतील प्रसिद्ध बल्लवाचार्य डेव्हिड चँग यांच्या मोमोफुकू या कंपनीने २०२१ साली हवेवर वाळवलेल्या नूडल्स आणल्या.

या सर्व प्रकरणांतून एक गोष्ट शिकावी. २०१५ साली लोकांचा राग चेहऱ्यांवर गेला आणि त्याआधी विश्वासही चेहऱ्यांवरच होता. पाकिटाच्या मागची बाजू मात्र दोन्ही वेळा फार थोड्यांनी वाचली.

जिभेची परीक्षा

चेहऱ्याचा जिभेवर किती परिणाम होतो, हे पाहण्यासाठी आमच्या घरी एक छोटी परीक्षा घेतली. घरातील तीन माणसे आणि वरच्या मजल्यावर राहणारे तीन विद्यार्थी, असे सहा जण चाखायला बसले. चार पाकिटे आणली: दोन नेहमीची, एक नटाच्या जाहिरातीमुळे गाजलेले आणि एक नामवंताच्या नावाने विकले जाणारे, ज्यावर ‘तळलेले नाही’ असे लिहिले होते. त्यांची नावे इथे देत नाही, कारण सहा माणसांच्या जिभेवरून कोणाला पास-नापास करणे योग्य नव्हे. वाट्यांवर क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या लावल्या. पाणी मोजून सारखेच घेतले. दोन वाट्यांच्या मध्ये साधे पाणी आणि थोडे चुरमुरे दिले, म्हणजे आधीची चव जिभेवर राहू नये.

पहिली फेरी मसाल्याशिवाय घेतली. तीन तळलेल्या नूडल्समधला फरक एकालाही सांगता आला नाही. हवेवर वाळवलेली मात्र चावायला किंचित घट्ट लागली, म्हणून ती सर्वांनी ओळखली. दुसरी फेरी मसाला घालून. आता प्रत्येकाला आपापली आवडती सापडली आणि पहिल्या दोन घासांत सर्वांत खारट वाटीलाच जास्त गुण मिळाले. मात्र पूर्ण वाटी संपवल्यावर तिनेच सर्वांत जास्त तहान लावली.

तिसऱ्या फेरीत थोडी गंमत केली. एकाच पाकिटातील नूडल्स दोन वाट्यांत वाढल्या आणि एका वाटीशेजारी गाजलेल्या नटाचे रिकामे पाकीट ठेवले. सहापैकी चौघांना तीच वाटी अधिक चवदार वाटली. बीडच्या एका विद्यार्थ्याने तर ‘‘हिचा मसालाच वेगळा आहे,’’ असे ठासून सांगितले. खरा प्रकार कळल्यावर हसून सर्वांची पुरेवाट झाली.

चौथ्या फेरीत मसाला निम्माच घातला आणि कांदा, गाजर, वाटाणे व वरून लिंबू पिळले. मसाला कमी आहे हे फक्त दोघांच्या लक्षात आले.

हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण यातून दोन गोष्टी समजतात. नूडल्सची ‘चव’ म्हणजे बव्हंशी त्या लहान पुडीची चव. तिच्यात मीठ असते, मसाल्याचा वास असतो आणि ६३५ सारखे चव उठावदार करणारे घटक असतात. दुसरी गोष्ट अशी, की डोळ्यांनी पाहिलेले पाकीटही आपण जिभेने खात असतो.

मागची बाजू वाचायची कशी?

पाकीट उलटे करा. तिथे पोषणमूल्यांचा तक्ता असतो. त्यात प्रथम सोडियमचा आकडा शोधा. समजा, १०० ग्रॅममागे १२०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पाकीट ७० ग्रॅमचे आहे. म्हणजे पाकिटात ८४० मिलिग्रॅम सोडियम झाले. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते. म्हणजे सुमारे २.१ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे. एका पाकिटात दिवसाचे ४० टक्क्यांहून अधिक मीठ पोटात गेले. दोन पाकिटे खाणाऱ्या विद्यार्थ्याचे एकाच जेवणात ८० टक्क्यांवर गेले. त्यात लोणचे, पापड, वेफर्स धरलेले नाहीत.

रोजचे जास्त मीठ रक्तदाब वाढवते. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीही त्रास न देता वर्षानुवर्षे राहतो आणि हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांचे नुकसान करतो. विशीत लागलेली खारट चवीची सवय चाळिशीत गोळ्यांच्या रूपाने समोर येऊ शकते.

नंतर ‘घटक’ हा भाग वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पुढे मोठ्या अक्षरांत ‘आटा’ किंवा ‘ओट्स’ असेल, तर मागे तो पहिल्या क्रमांकावर आहे की पाचव्या, हे पाहा. पहिला घटक मैदा असेल तर ती मैद्याचीच नूडल्स समजावी. तेल कोणते आहे आणि संपृक्त स्निग्धता किती आहे, हेही पाहा. ‘एका वाढणीत’ असा आकडा असेल, तर त्यांची वाढणी किती ग्रॅमची आहे हे तपासा. आपली वाढणी बहुधा मोठी असते.

शेवटी भाव पाहा. किमतीला वजनाने भागा आणि शंभराने गुणा. समजा, ७० ग्रॅमचे पाकीट १५ रुपयांना आहे, तर १०० ग्रॅमला सुमारे २१ रुपये पडले. ६० ग्रॅमचे नामवंत पाकीट ३० रुपयांना असेल, तर १०० ग्रॅमला ५० रुपये झाले. वडी तळलेली नसेल, मीठ कमी असेल, तर जादा पैसे देण्यात काही अर्थ आहे. आकडे तेच असतील, तर आपण फोटोचे पैसे देत आहोत. नाव मोठे आणि लक्षण खोटे, अशी गत होऊ नये.

कायदा काय सांगतो?

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० साली लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला, तसेच जाहिरात करणाऱ्या नामवंतालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत. नामवंताला एक वर्षापर्यंत आणि पुन्हा चुकल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यास मनाई होऊ शकते. मात्र दाव्याची पुरेशी शहानिशा केली होती, हे सिद्ध केल्यास त्याची सुटका होते. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वस्तूशी त्याचा आर्थिक संबंध असेल, तर तो उघड करणे आवश्यक आहे. एखादा दावा खोटा वाटला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. खाद्यपदार्थात भेसळ वा किडे आढळल्यास पाकीट आणि पावती जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे जावे.

मग खायच्या की नाही?

निरोगी माणसाने आठवडा-पंधरवड्यातून एखादे वेळी खायला हरकत नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी टाळाव्यात. एक वर्षाखालील बाळाला अजिबात देऊ नयेत. खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे करावे:

१. मसाल्याची पुडी निम्मीच वापरावी. वरून मीठ किंवा सॉस घालू नये.

२. वाटीत नूडल्सइतकीच भाजी असावी. कांद्याची पात, गाजर, कोबी, मेथी, जे औरंगपुऱ्याच्या मंडईत स्वस्त मिळेल ते चालेल.

३. एक अंडे, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा मोड आलेले मूग घालावेत. नुसत्या नूडल्समध्ये प्रथिने कमी असतात; म्हणूनच दोन तासांत पुन्हा भूक लागते.

४. लिंबू पिळावे. आंबटपणामुळे मिठाची उणीव भासत नाही.

आणि एक जुनी आठवण करून द्यावीशी वाटते. मराठवाड्यात उन्हाळ्यात घरोघरी शेवया होतात. आता बचत गटांकडेही विकत मिळतात. त्या तळलेल्या नसतात, उन्हात वाळवलेल्या असतात आणि मीठ किती घालायचे ते आपल्या हातात असते. मात्र त्या गव्हाच्या आहेत की मैद्याच्या, हे विचारून घ्यावे. थोड्या तेलात मोहरी, कढीपत्ता, कांदा, भाज्या आणि शेंगदाणे परतून भाजलेल्या शेवयांचा उपमा दहा मिनिटांत तयार होतो. गावाकडून परत येताना मुलांच्या पिशवीत किलोभर शेवया अवश्य द्याव्यात.

या रविवारी मुलांना बरोबर घेऊन घरी चार वाट्यांची ही परीक्षा करून पाहा. चिठ्ठ्या मुलांनाच लावू द्या आणि पाकिटामागचे सोडियमचे गणितही त्यांनाच करू द्या. स्वतः काढलेले उत्तर मुले विसरत नाहीत. पुढच्या वेळी दुकानात तीच पाकीट उलटे करून पाहतील.