तोल जाणाऱ्या घरांतून

राहायला पनवेलला, काम मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत. विषय आनुवंशिक अटॅक्सिया. लहान मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात आणि माणसाच्या चालण्याबोलण्यातला तोल जातो. अशी घरं बघता बघता जे पक्कं झालं ते लिहिते.

१. आधी डोळे बघा.
हे मी डॉ. नोशीर वाडियांच्या शोधनिबंधातून शिकले. जे. जे. रुग्णालयातल्या या न्यूरॉलॉजिस्टने आर. के. स्वामींसोबत १९७१ साली 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांची हकीकत मांडली. या कुटुंबांत तोल जायचा, आणि नजर एका वस्तूवरून दुसरीवर नेताना डोळे फार सावकाश सरकायचे. यामागचं जनुक तेव्हा ठाऊक नव्हतं. ते १९९६ मध्ये बाराव्या गुणसूत्रावर सापडलं. मग १९९८ मध्ये वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय घराण्यांत ते तपासलं आणि हा आजार एससीए-२, म्हणजे आनुवंशिक अटॅक्सियाचा एक प्रकार, असल्याचं दाखवलं. आजही मी पेशंटसमोर दोन्ही हातांची बोटं धरते आणि एकदा हे, एकदा ते बघायला सांगते. निरोगी नजर चटकन उडी घेते, इथे ती रांगत जाते. मग पेशंट पापणी मिटून किंवा मान वळवून वेळ निभावतो. घरच्यांना ती त्याची लकब वाटते. एवढी साधी तपासणी, पण महागड्या चाचणीआधी दिशा देते.

२. वंशावळीत लेकी हव्यातच.
पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आतून काळा, वारलेल्यावर तिरपी रेघ. माहिती बहुतेक वेळा घरातला कर्ता पुरुष देतो आणि सासरी गेलेल्या बहिणी, आत्या गळून जातात. एससीए-२ सारखा आजार आडनाव बघत नाही. आईकडून असो की वडिलांकडून, प्रत्येक अपत्याला, मुलगा वा मुलगी, तो येण्याची शक्यता ५० टक्के. तालुक्यातल्या एका घरी "आमच्यात आणखी कुणालाच नाही" असं ठामपणे सांगितलं गेलं. चहा घेऊन आलेल्या आजी दारातूनच म्हणाल्या, "असं कसं? पेणच्या वन्सं भिंत धरूनच चालायच्या की!" कागदावर एक अख्खी फांदी वाढली. त्या फांदीवरच्या तरुण माणसांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. तेव्हापासून घरातल्या सर्वांत वयस्कर बाईशी बोलल्याशिवाय मी वही मिटत नाही.

३. दारूचा शिक्का पुसायला मदत करा.
झोकांड्या, जड जीभ, थरथरते हात. स्टेशनच्या जिन्यावर लोक म्हणतात, "सकाळी सकाळीच घेतलीय." गळ्यात माळ असलेल्या माणसाने हे ऐकून घरात कोंडून घेतलेलं मी पाहिलंय. आजाराचं नाव लिहिलेलं डॉक्टरांचं मराठी पत्र खिशात ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते.

४. करणीचं उत्तर कागदावर द्या.
"वडलांना पन्नाशीत झालं, मला तिशीत. कुणीतरी केलंय." एससीए-२ च्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरं ओळीने पुन्हापुन्हा येतात. बहुतेकांत साधारण २२ वेळा, आजार असलेल्यांत तिशीच्या वर. पुढच्या पिढीत ही माळ आणखी लांबू शकते, आणि जितकी लांब तितका आजार लवकर. हे काढून दाखवलं की बरेच जण निमूट बघत राहतात. काही जण तरीही देवऋषाकडे जातात. त्यांच्याशी वाद घालत नाही, पुढची तारीख देते.

५. लक्षणं नसलेल्या लहान मुलाचं रक्त घेत नाही.
आजार थांबवणारं औषध आज नाही. मग कोवळ्या वयात त्याच्या माथी ही खबर कशाला? मोठं झाल्यावर जाणून घ्यायचं की नाही, ते त्याने ठरवावं. "लग्न जमतंय, गुपचूप तपासून द्या" म्हणणारे मामा-काका येतात. ज्याचं रक्त, त्याची संमती. यावर तडजोड नाही.

६. औषध नाही, पण उपाय आहेत. फिजिओथेरपी, न्हाणीघरात धरायला दांडा, पाणी पिताना ठसका लागतो तो वेळीच दाखवणं.

तुमच्या घरात दोन पिढ्यांत कुणी असं भिंत धरून चाललं असेल, तर आजी-आत्या आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, लेकीसुनांच्या माहेर-सासरसकट नावं लिहून काढा आणि तो कागद घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा.